बाई चहा का घेत नाहीत

या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पंचायत समितीचे सभापती माननीय येसाजीराव, व्यासपीठावर बसलेले आरोग्य केंद्राचे डॉक्टरसाहेब, पोशीरचे सरपंच चांगोभाऊ, ज्यांना निरोप द्यायला आपण आज कामंधामं टाकून जमलो त्या सत्कारमूर्ती, आपल्या नर्सबाई आनंदीबाई बडेकर, आणि सतरंजीवर, ओट्यावर, भिंतीला टेकून, जागा मिळेल तिथे बसलेल्या माझ्या माहेरच्या माणसांनो, आया-बहिणींनो.

मी शकू. बुधाजीची मुलगी, धोंडूबाईची नात. सासर मोहोपाड्याला. आमचे हे तिथल्या कारखान्यात आहेत आणि मी तिथल्या शाळेत शिकवते. चांगोभाऊंनी मला बोलावलं तेव्हा बजावलं होतं, "शकू, थोडक्यात बोल. मास्तरणींना घंटा झाल्याशिवाय थांबायची सवय नसते." भाऊ, आज घंटा तुमच्या हातात आहे. पण जरा दमानं वाजवा, एवढी विनंती.

माझ्याआधी बोललेल्यांनी बाईंच्या सेवेबद्दल सांगितलं. उन्हातान्हात बांधावरून चालत गेल्या, नदी उतरून गेल्या, कुणाला कधी नाही म्हणाल्या नाहीत. सगळं खरं आहे. माननीय अध्यक्ष म्हणाले की बाई शांत स्वभावाच्या आहेत. अध्यक्षसाहेब, आपण थोर आहात, पण आपल्या घरी बाळंतपण होताना आपण अंगणात होता, हे यावरून कळतं. आत बाई काय काय बोलतात ते या समोर बसलेल्या बायकांना विचारा. हसू नका गं, सांगा त्यांना!

बाईंचे दोन हट्ट आहेत. या पंचक्रोशीत ते माहीत नसलेलं माणूस सापडायचं नाही. एक हट्ट धोतराचा आणि दुसरा चहाचा.

धोतराचं आधी सांगते. आपल्याकडे सातव्या महिन्यात ओटी भरतात. बाया नारळ आणतात, खण आणतात, गाणी म्हणतात. आणि आमच्या बाई तिथे जाऊन काय मागतात? म्हाताऱ्याचं जुनं धोतर. पांढरंच पाहिजे. ते राखेच्या पाण्यात उकळायचं, कडक उन्हात वाळवायचं, घडी करून वर फळीवर ठेवायचं आणि बाळंतपणाला बाईच्या अंगाखाली तेच घालायचं. गोधडी नको, गोणपाट नको, लाल-हिरवं लुगडं तर अजिबातच नको. आमच्या वरच्या आळीतल्या नागूआजांनी तर भांडण काढलं होतं. "माजं धोतर सुनंच्या खाली घालनार, मंग मी काय नेसू? पानं?" बाई म्हणाल्या, "आजा, नातू झाला की त्याच्या मुंजीत नवं घेऊन देईन." आजा म्हणाले, "आमच्यात मुंजी नाय व्हत." बाई म्हणाल्या, "म्हणून तर म्हणाले." धोतर मिळालं.

बाळंतीण मोकळी झाली की बाई आधी बाळाकडे बघत नाहीत. आधी त्या पांढऱ्या धोतराकडे बघतात. पोटावर हात ठेवून गर्भाची पिशवी चोळतात, ती नारळासारखी घट्ट लागेपर्यंत चोळतात. मग पुन्हा धोतराकडे बघतात. बाळंतीण कळवळून ओरडली तरी सोडत नाहीत. "शिव्या दे मला, पण जागी राहा," म्हणतात. दोन तास जागच्या हलत नाहीत.

आणि दुसरा हट्ट, चहा घेत नाहीत. बाई आपल्या घरी भाकरी खातात. आमच्या हातचं पाणी पितात. वाडीवर नाचणीची आंबील दिली तर वाटी पुसून घेतात. त्यामुळे शिवाशिवीची शंका कुणाला आली नाही. पण चहाचा कप पुढे केला की बाई म्हणणार, "पित्त होतं मला." झालं! सगळ्या तालुक्यानं बाईंच्या पित्तावर इलाज केले. कुणी आवळकाठी दिली, कुणी कोकमं दिली, कुणी सुंठीची पूड. माझ्या माहितीप्रमाणे बाईंना आयुष्यात कधी पित्त झालेलं नाही. डॉक्टरसाहेब मान हलवतायत, म्हणजे खरं असणार.

तर बाई चहा का घेत नाहीत ते मी आज सांगणार आहे. त्यांची परवानगी घेतली आहे. मागच्या आठवड्यात मी त्यांच्या खोलीवर गेले होते. विचारलं, हे सगळ्यांसमोर सांगू का? बाई म्हणाल्या, "सांग. पण माझी बाजू घेऊ नकोस." मी कबूल केलं. तेव्हा मी त्यांची बाजू घेणार नाही. कुणाचीच घेणार नाही. ज्यांना वाटत असेल की निरोप समारंभात असं बोलू नये, त्यांची आधीच क्षमा मागते.

माझ्या आईचं नाव बायजा. मी तिला पाहिलेलं नाही. तिचा फोटोही नाही, त्या काळी कोण काढणार? ती एकोणीसशे छपन्न साली गेली, माघात, भात झोडून कणग्या भरल्यावर. मी ज्या दिवशी आले त्याच दिवशी ती गेली. माझा वाढदिवस आमच्या घरात कधी झाला नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आमची आजी धोंडूबाई, माझ्या वडिलांची आई, गावातली बाळंतपणं तीच करायची. तिचा हात चांगला होता, असं म्हातारी माणसं अजून सांगतात. आणि जुन्या बायकांना आठवत असेल, तेव्हा आपल्याकडे बाळंतिणीखाली काय घालायचे. तूस घालायचे. भाताचं तूस. जमिनीवर हातभर थर द्यायचा, त्यावर गोणपाट, त्यावर बाळंतीण. घर आपलं भाताचं, तूस फुकटचं, मऊ असतं, ऊब देतं आणि सगळं शोषून घेतं. खोली कोरडी राहते. नंतर सुपात भरून उकिरड्यावर टाकलं की काम झालं. यात वाईट काय होतं? कुणालाही वाईट वाटलं नसतं. मलाही वाटलं नसतं.

आनंदीबाई तेव्हा नव्या होत्या. शिकून आलेल्या, पांढरी साडी, हातात कातडी पिशवी. गावानं त्यांना फारसं विचारलं नव्हतं. पण माझ्या वडिलांच्या डोक्यात आलं की सरकारी बाई आली आहे तर बोलवावी, आणि ते स्वतः जाऊन त्यांना घेऊन आले. बाई पोचल्या तेव्हा मी आले होते. दिवस चांगला वर आला होता. नाळ कापलेली, वार पडलेली, बाळ रडत होतं, आणि बायजा भिंतीशी उशाला पाट घेऊन पडली होती. हसली, म्हणाली, "बाई, उशीर केलात, मी मोकळी झाले."

बाईंनी नाडी पाहिली. जरा जलद होती, पण नुकतीच बाळंत झालेली बाई, जलद असायचीच. गोणपाटाला हात लावून पाहिला. वरून ओलसर, बस. आजीला विचारलं, जातंय का जास्त? आजी म्हणाली, "जातंय, जाऊ दे. नासकं रगत हाय त्ये. जेवढं जाईल तेवढी बाय हलकी व्हते." आणि जमीन कोरडी होती. हे लक्षात ठेवा. सारवलेल्या जमिनीवर एक थेंब नव्हता.

मग आजीनं चहा आणला. गुळाचा, कोरा, गवती चहाची पात घालून. घरी आलेल्या माणसाला दुसरं काय देणार? बाई नको म्हणत होत्या. आणि माझी आई त्यांना काहीतरी म्हणाली. मग बाईंनी कप घेतला. नवख्या माणसाला कुणापुढे खाताना-पिताना संकोच वाटतो ना, तसं त्या दाराकडे तोंड करून बसल्या आणि तो चहा प्यायल्या.

कप खाली ठेवून वळल्या तेव्हा आईचा चेहरा पांढरा झाला होता. ओठसुद्धा. बाईंनी गोणपाट ओढून बाजूला केलं आणि तुसात हात घातला. हात मनगटापर्यंत रक्तात गेला.

त्यानंतर त्यांनी जे करायचं ते सगळं केलं. पोट चोळलं, कातडी पिशवी उघडून सुई टोचली, पायाखाली पाट देऊन पाय वर केले. वडिलांनी गाडी जुंपायला घेतली. सुई त्यांच्याजवळ होती, अध्यक्षसाहेब. हाताच्या अंतरावर, त्या पिशवीत, सगळा वेळ होती. बैल जुंपून होईपर्यंत माझी आई गेली.

आजीनं ते तूस बाहेर नेलं. तिनं मला हे एकदाच सांगितलं, मी कॉलेजात असताना, आणि नंतर कितीही विचारलं तरी बोलली नाही. म्हणाली, "तूस सुपात घ्यावं आन् टाकावं, त्ये उडतं गं पोरी. डोळ्यात जातं. त्या दिशी सूप उचलंना. वारा व्हता, पन एक कन उडाला नाय." आणि मग म्हणाली, "तुसानं खाल्ली माजी सून. माज्या डोळ्यादेखत खाल्ली आन् मला दिसली नाय."

आता सांगा, मी कुणावर रागवायचं? मला लहानपणी फार हवं होतं कुणीतरी. आजीवर रागवले तर रात्री कुणाच्या कुशीत झोपणार? म्हणून मी बाईंवर रागावत असे. शाळेतून येताना त्या दिसल्या की दुसऱ्या बांधानं जायचे. आणि गंमत अशी, माझ्या लक्षात आलं की बाईही दुसऱ्याच बांधानं जातायत. त्या आमच्या घरावरून कधी जात नसत. आणि भाताच्या गिरणीमागे तुसाचा ढीग असतो ना, त्याच्याही जवळून जात नसत. पार ओढ्यापर्यंत वळसा घालत. गाव म्हणायचं, बाईंना चालायची हौस आहे.

बाई माझ्या आईबरोबर शेवटी बोललेलं माणूस होत्या. मोठी होत गेले तसा माझा राग गेला आणि एकच गोष्ट राहिली. माझी आई चहाच्या वेळी त्यांना काय म्हणाली? मला आईचा चेहरा मिळणार नव्हता, आवाज मिळणार नव्हता. एक वाक्य होतं, आणि ते या बाईंकडे होतं. आजीला ऐकू आलं नव्हतं, ती चुलीपाशी वळली होती. मी दोनदा बाईंना विचारायला गेले आणि दारातून परत आले. काय म्हणून विचारणार?

मग माझी वेळ आली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही मी तुम्हाला सांगायला नको. त्याच घरी, त्याच खोलीत. आजी तेव्हा थकली होती, पण हुशारीत होती. बाईंनी सातव्या महिन्यात धोतर मागायला दुसरीला पाठवलं, स्वतः आल्या नाहीत. मात्र मला कळा सुरू झाल्याचं कळलं तशा त्या आल्या. उंबऱ्याशी थांबल्या. आजी म्हणाली, "ये बाय, आत ये." इतक्या वर्षांत दोघी एकमेकींशी तेवढंच बोलल्या.

माझी पदू झाली. आणि धोतर लाल व्हायला लागलं. ते मलाही दिसत होतं. पुरुष मंडळींनी आता जरा मान खाली घातली आहे, पण मी सांगणार, कारण तुमच्या लेकी-सुनांचा प्रश्न आहे. माझी पिशवी आवळत नव्हती. पोट चोळून झालं, बाळाला पाजायला घेतलं, सुई टोचून झाली, तरी थांबेना. तेव्हा बाईंनी एक मूठ आत घातली आणि दुसऱ्या हातानं वरून पोट दाबून पिशवी मधे धरून ठेवली. तशीच. मला वाटलं, हे दुखणंच मला मारणार. मी त्यांना इतक्या शिव्या दिल्या की माझे विद्यार्थी ऐकते तर शाळा सोडून गेले असते.

कर्जतला नेल्याशिवाय गत नव्हती. गाडी कुठली? गिरणीचा लडकू टेंपो घेऊन आला. आणि त्या टेंपोत तूस होतं. नुकतीच पोती उतरवलेली, फळ्यांवर सगळीकडे तूस. बाईंनी ते पाहिलं. हात सोडला नव्हता, मला तशीच फळीवर घालून बाहेर आणली होती. त्या लडकूवर ओरडल्या, "आधी झाड! एक कण ठेवू नकोस!" लडकू म्हणाला, "बाई, येळ जातोय." त्या म्हणाल्या, "झाड!" आमच्या आळीतल्या चार बायांनी पदरानं टेंपो झाडला. मग धोतराची दुसरी घडी पसरली आणि मला वर घेतलं.

नेरळच्या पुढे मला झोप यायला लागली. गार गार वाटत होतं, आणि बरंही वाटत होतं, ते सगळ्यात वाईट. बाई म्हणत होत्या, "शकू, बोल. डोळे मिटू नकोस. काहीपण बोल." तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. "बाई, माझी आई काय म्हणाली होती?"

टेंपोच्या फटीत राहिलेलं थोडं तूस वाऱ्यानं उडत होतं. माझ्या तोंडावर येत होतं. बाई त्याच्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "उडतंय. कोरडं आहे." हे त्या मला सांगत नव्हत्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगेन. पण मेलेल्या माणसाला सांगत नाही मी. ऐकायचं असेल तर जागी राहा."

मी जागी राहिले. माझं कौतुक नाही, हट्टी आहे मी, आजीवर गेले आहे. कर्जतला दवाखान्यात वारेचा एक तुकडा आत राहिला होता तो काढला. नंतर मला तिथल्या सिस्टरनी सांगितलं की बाईंची मूठ कितीतरी वेळ उघडत नव्हती, गरम पाण्यात धरून बसल्या होत्या.

बरं, मी जगले. मग बाईंनी सांगितलं का? नाही! बारशाला आल्या, पदूला झबलं आणलं, चहा घेतला नाही, गेल्या. पुढेही टाळत राहिल्या. आजी गेली तेव्हा भेटायला आल्या, तेव्हाही नाही. मागच्या आठवड्यात मी त्यांच्या खोलीवर गेले ते हेच मागायला. म्हटलं, बाई, तुम्ही आता तुमच्या भावाकडे खालापूरला राहायला जाणार. माझी वस्तू तुमच्याकडे आहे, ती देऊन जा.

तेव्हा त्यांनी सांगितलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "इतकी वर्षं मला ते रोज ऐकू येतं. ज्या घरी चहाचं आधण पडतं त्या घरी ऐकू येतं. तिनं मरता मरता माझा पाहुणचार केला, शकू. आणि मी तो घेतला. तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

बाई, तुमची बाजू घेऊ नकोस म्हणालात म्हणून घेत नाही. पण माझ्या आईची तर घेऊ शकते? ते वाक्य तुमच्याजवळ राहून तुम्हाला छळत आलं. कारण ते तुमचं नव्हतंच. ते माझं होतं. ज्या बाईचा मला चेहरा माहीत नाही, ती कशी होती ते मला त्या वाक्यावरून कळलं. अंगातलं रक्त चाललं होतं आणि तिला काळजी होती ती दारात आलेल्या परक्या मुलीची. मला अशी आई होती. हे मला आठ दिवसांपूर्वी कळलं, आणि मी आठ दिवस रडते आहे, पण हे रडणं निराळं आहे.

त्यानंतर या भागात किती बाया त्या पांढऱ्या धोतरावरून उठून आपल्या पायांनी चालल्या ते मी मोजणार नाही, त्यातल्या पुष्कळ समोर बसल्या आहेत. अगं, हात वर करायला नको, बाईंना दिसतंय. त्यानं माझी आई परत येत नाही. बाई तसं कधी म्हणाल्याही नाहीत, आणि मीही म्हणणार नाही.

चांगोभाऊ घड्याळाकडे बघतायत. संपवते.

माननीय अध्यक्षांनी मला बोलू दिलं, डॉक्टरसाहेबांनी बाईंना आजचा दिवस सुट्टी दिली, गावानं मंडप घातला, लडकूनं टेंपोतून खुर्च्या आणल्या आणि, मी मघाशी पाहिलं, आणण्याआधी टेंपो झाडला. सगळ्यांचे मनापासून आभार. सत्काराच्या दिवशी मी मरणाचं बोलले, बायकांचं आतलं बोलले, कुणाच्या घरच्या आठवणी उकरल्या असतील. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर लेक माहेरी आली होती असं म्हणून पोटात घाला.

एकच राहिलं. बाईंच्या समोर मेजावर बशीनं झाकलेला एक कप आहे. मंडळी त्याला हारांच्या मागे सरकवत होती, मी पुन्हा पुढे ठेवला. गुळाचा आहे, कोरा, आमच्या परसातली गवती चहाची पात घातली आहे. मी भाषणाला उठले तेव्हा वाफ येत होती. मी फार बोलले, आता येत नसेल.

माझी आई तुम्हाला जे म्हणाली होती, ते तिच्या बोलीत, तिची मुलगी म्हणून तुम्हाला म्हणते.

बाई, आदी च्या घ्या. निवंल.